तापाला जात नव्हती, मरणाला होती

१९१८ साली मुंबईत इन्फ्लुएन्झाची साथ आली. आरोग्य खात्याच्या नोंदीनुसार दर हजारी युरोपियन ८.३, इतर हिंदू १८.९, आणि ‘खालच्या जातीचे’ म्हणून नोंदलेले हिंदू ६१.६ दगावले. विषाणू जात विचारीत नाही. परंतु कोंदट खोली, अर्धे पोट आणि औषधपाण्यावाचून पडून राहणे हे जातीनेच वाटून दिले होते.

आज सहा महिन्यांपुढील मुलांसाठी दरवर्षी टोचायची लस आहे. पण ती सरकारच्या मोफत लसीकरणात नाही. तापलेल्या मुलाला धाप लागली, ते दूधपाणी घेईना, की तत्काळ दवाखाना गाठावा, हे वस्तीवस्तीत सांगितलेच पाहिजे. मात्र हवेशीर घर, पुरेसे अन्न आणि मोफत लस यांची मागणी टाळून केलेला आरोग्योपदेश म्हणजे १९१८ चाच हिशेब पुढे चालविणे होय.