भास्कराचार्यांनी सोडलेले मूळ

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’तली (इ. स. ११५०) माकडांची दोन उदाहरणे मला शेजारी ठेवून वाचावीशी वाटतात. पहिल्यात कळपाच्या अष्टमांशाचा वर्ग रानात खेळतो, उरलेली १२ टेकडीवर आहेत. वर्गसमीकरणाची मुळे ४८ आणि १६. आचार्य दोन्ही मान्य करतात. दुसऱ्यात पंचमांशातून ३ वजा करून येणाऱ्या संख्येचा वर्ग गुहेत गेला, एक माकड फांदीवर दिसते. मुळे ५० आणि ५. पण ५ चा पंचमांश १. त्यातून ३ माकडे कशी वजा होणार? वर्ग करताच ऋणचिन्ह नाहीसे होते आणि हिशेब जुळतो. तरी ऋण माकडे लोकांना पटत नाहीत, म्हणून आचार्य ५ सोडून देतात. रीत दोन्ही मुळे देते. उत्तर ठरवायला मात्र पुन्हा माकडांकडेच जावे लागते.