होमोसिस्टीन, मधुमेह आणि पुण्याचा दाखला : एक ऐतिहासिक मागोवा

होमोसिस्टीन या गंधकयुक्त अमिनो आम्लाचा शोध व्हिन्सेंट दु व्हिन्यो यांनी १९३२ मध्ये लावला. १९६९ मध्ये किल्मर मॅककली यांनी त्याचा संबंध रोहिणीकाठिण्याशी जोडला आणि रक्तातील त्याचे वाढलेले प्रमाण हृदयविकाराचे एक संभाव्य कारण मानले जाऊ लागले. भारतीयांत मधुमेह व हृदयविकार तुलनेने कमी वयात जडतात. तेव्हा मूळ येथेच असावे काय, हा प्रश्न स्वाभाविक होता.

या प्रश्नाचा महत्त्वाचा शोध पुण्यात घेतला गेला. हेल्गा रेफ्सम, चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २७ ते ५५ वयाच्या २०४ स्त्री-पुरुषांचे चार गट होते : मधुमेह व हृदयविकार दोन्ही असलेले, केवळ मधुमेही, केवळ हृदयरुग्ण आणि निरोगी. अपेक्षा अशी की, रुग्णांत होमोसिस्टीन अधिक आढळेल. प्रत्यक्षात चारही गटांत लक्षणीय फरक आढळलाच नाही. एकूण ७७ टक्के व्यक्तींत ते १५ मायक्रोमोल प्रतिलिटरपेक्षा जास्त होते. ४७ टक्क्यांत ब-१२ जीवनसत्त्व अपुरे होते. ब-१२ जितके कमी, तितके होमोसिस्टीन अधिक. फोलेटची उणीव मात्र विरळा. (फोलेटच्या संशोधनाचा आरंभ ल्युसी विल्स यांच्या मुंबईतील गर्भवतींच्या पांडुरोगावरील कार्यातून झाला, हा योगायोग नोंदण्याजोगा आहे.)

प्रस्तुत लेखकाच्या मते या अभ्यासाचे खरे मोल त्याच्या नकारात्मक निष्कर्षात आहे. रोगी व निरोगी यांच्या तुलनेतून जे दिसले नाही, ते आहाराकडे पाहताच दिसले. २००६ मधील ४४१ पुरुषांच्या पाहणीत शाकाहारींना ब-१२ अपुरे असण्याचा धोका नियमित मांसाहार करणाऱ्यांच्या ४.४ पट आढळला. सर्वाधिक उणीव खेड्यात वा झोपडपट्टीत नव्हे, तर शहरी मध्यमवर्गात होती : ८१ टक्के. गरिबी म्हणजेच कुपोषण, हे आपले समीकरण येथे लागू पडत नाही.

पुण्याचे आकडे गिरणाकाठच्या भडगावला जसेच्या तसे लावणे अर्थातच अयोग्य ठरेल. तथापि कळण्याची भाकरी, डाळी व पालेभाज्या यांतून फोलेट मिळते, ब-१२ नव्हे. ते दूध-दह्यातून थोडेफार येते. त्यात मधुमेहावरील मेटफॉर्मिन हे औषध दीर्घकाळ घेतल्यास ब-१२ आणखी घटू शकते. पायांची बधिरता मधुमेहाने येते, तशीच ब-१२ च्या अभावानेही येते. केवळ साखर मोजून हा भेद कळत नाही.