अकरा विरुद्ध एक

बुलढाणा जिल्ह्यातल्या माझ्या सिनेमावेड्या मित्रांना मी एक जुना हॉलिवूडपट आवर्जून सुचवतो : '१२ अँग्री मेन'. १९५७ चा, कृष्णधवल, ९६ मिनिटांचा. दिग्दर्शक सिडनी ल्युमेट यांचा हा पहिलाच चित्रपट. गाणी नाहीत, मारामारी नाही. जवळजवळ सगळी गोष्ट एकाच खोलीत घडते.

झोपडपट्टीतल्या १८ वर्षांच्या मुलावर बापाच्या खुनाचा आरोप आहे. ज्यूरी म्हणून बसवलेले बारा साधे नागरिक निवाडा देणार आहेत. अकरा जण म्हणतात, दोषी. एकटा हेन्री फोंडा म्हणतो, मला खात्री नाही, आधी बोलू या. निकाल एकमतानेच द्यायचा असल्याने त्याला वगळून पुढे जाता येत नाही.

आपल्याकडे मात्र तसं जाता येत होतं. खामगावात ज्यांच्या नावाने राष्ट्रीय विद्यालय आहे, त्या लोकमान्य टिळकांवर १८९७ साली मुंबईत राजद्रोहाचा खटला चालला. आधी नाकारला गेलेला जामीन न्या. बद्रुद्दीन तय्यबजी यांनी दिला. पण ज्यूरीतले सहा युरोपियन म्हणाले दोषी, तीन हिंदी म्हणाले निर्दोष. शिक्षा झाली १८ महिन्यांची. १९०८ मध्ये जामिनासाठी बॅ. जिना उभे राहिले. जामीन मिळाला नाही. या वेळी कौल सात विरुद्ध दोन, आणि शिक्षा सहा वर्षांची. लेख मराठीत होते, ज्यूरीतल्या युरोपियनांसमोर होती ती भाषांतरं. बहुमत पुरेसं असल्याने आधीच्या तिघांचं किंवा नंतरच्या दोघांचं समाधान करण्याचं बंधन कुणावर नव्हतं.

चित्रपटात एक ज्यूरर 'असली माणसं' जन्मजात खोटारडीच, असं तावातावाने बोलू लागतो. एकेक जण उठून त्याच्याकडे पाठ फिरवतो. मोहल्ल्याच्या नावावरून माणसाची पारख होताना ज्यांनी ऐकलं आहे, त्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही. पण आपणही दुसऱ्यांच्या वस्तीबद्दल असंच बोलतो का, हेही तो विचारतो.

इंग्रजी जड वाटली तर बासू चटर्जींचा 'एक रुका हुआ फैसला' (१९८६) हिंदीत आहे. आज आपल्या खून खटल्यांत ज्यूरी बसत नाही. चहाच्या टपरीवर आणि मोबाइलवर मात्र ती रोज बसते, आणि तिथे निकाल साक्षीपुराव्याआधीच लागतो. त्या बैठकीत 'आधी बोलू या' म्हणणारा एक तरी हवा. म्हणून हा चित्रपट बघा, आणि जमलं तर घरच्या तरुण मुलांना सोबत घेऊन बघा.