मोती कसा जपावा? एक जुना इतिहास

हिरा आणि माणिक खाणीतून निघतात, मोती मात्र समुद्रातल्या एका जिवाच्या पोटी घडतो. म्हणूनच तो इतर रत्नांहून नाजूक आहे. अकराव्या शतकात अबू रैहान अल-बिरूनी याने गझनीचा सुलतान मौदूद याच्यासाठी रत्नांवर 'किताबुल जमाहिर' हा ग्रंथ लिहिला. त्यात मोत्यांचे प्रकार, किमती, पाणबुडे आणि मोत्यातले दोष यांची सविस्तर चर्चा आहे. म्हणजे मोत्याची जपणूक हा तेव्हाही विद्वानांच्या अभ्यासाचा विषय होता.

आखाती मोत्यांशी मुंबईचे नाते फार जुने. बहारीन आणि कुवेतचे गव्वास, म्हणजे पाणबुडे, उन्हाळ्याचे चार महिने होड्यांवर काढत. नाकाला चिमटा लावायचा, पायाला दगड बांधायचा आणि एका श्वासात तळ गाठायचा. यातले अनेकजण कायम कर्जात असत. त्यांनी काढलेला बराचसा माल मुंबईला येई. इथे मोती निवडले, विंधले आणि रेशमाच्या दोऱ्यात ओवले जात, मग पुढे युरोपात विकले जात. मिकिमोतोने १८९३ मध्ये मोत्याची शेती साधली. पुढे जपानी मोती स्वस्त झाले, १९२९ ची मंदी आली आणि हा व्यापार कोसळला. १९३२ मध्ये बहारीनमध्ये तेल सापडले.

पण त्या काळातले मोती काही घरांच्या नथीत, तन्मणीत, झुमक्यांत अजून आहेत. ते टिकायचे तर एक गोष्ट समजून घ्यावी: मोती म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, शंखशिंपल्याच्याच जातीचा पदार्थ. आम्लाने तो झिजतो. त्यामुळे पितळ घासायची चिंच, लिंबू, व्हिनेगर त्याला लावू नये. खाण्याचा सोडा आणि टूथपेस्टही नको, कारण मोत्यावर चरे पडतात.

ईदच्या दिवशी अत्तर आणि पावडर आधी लावा, मोती शेवटी घाला. घरी येताच ते आधी उतरवा आणि मऊ, किंचित ओल्या सुती कापडाने घाम पुसा. दोरा ओला झाल्यास हार आडवा ठेवून सुकवा. लटकवला तर दोरा ताणतो. डब्यात सोन्याबरोबर कोंबू नका, कापडी पिशवीत वेगळे ठेवा. दोरा सैल वाटला की पुन्हा ओवून घ्या, प्रत्येक मोत्यामागे गाठ द्यायला सांगा. मग दोरा तुटला तरी एकच मोती निसटेल.

बिरूनीपासून मुंबईच्या ओवणाऱ्यांपर्यंत हे ज्ञान हातोहात आले आहे. गव्वासांच्या मेहनतीचा मोती आपल्या हाती आहे, आणि तो टिकवणे फारसे कठीण नाही.