हुकूम आणि लगाम

ज्याच्या सहीने आदेश निघतो तोच धनी, असे बाहेरच्यांस वाटते. आम्हां कचेरीतील माणसांस मात्र आदेशाचे मूळ कोठे असते हे ठाऊक असते. मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीविषयी वैद्यकाचीही अशीच फसगत झाली. १८८६ साली फ्रान्समध्ये पिएर मारी यांनी हातपाय व जबडा बेसुमार वाढणाऱ्या विकाराचे वर्णन केले. पुढे त्याचे कारण या ग्रंथीच्या गाठीत सापडले. देहाची वाढ, प्रजनन, दुग्धोत्पत्ती, सारे हिच्या स्रावांवर अवलंबून. म्हणून तिला राजग्रंथी म्हणू लागले.

या राजपदास इंग्लंडात जेफ्री हॅरिस यांनी हादरा दिला. मेंदूचा अधोथॅलॅमस हा भाग व ग्रंथीचा अग्रभाग यांना सूक्ष्म रक्तवाहिन्या जोडतात. १९५२ साली हॅरिस आणि डोरा याकोबसोन यांनी ग्रंथी काढलेल्या उंदरांत त्या वाहिन्यांखाली दुसरी ग्रंथी बसविली; ती कामास लागली. मेंदूच्या अन्य भागाखाली बसविलेली निष्क्रिय राहिली. हुकूम वरून, रक्तावाटे येत होता. १९६९ साली अमेरिकेत रोजे गियमँ यांनी मेंढ्यांच्या व अँड्र्यू शॅली यांनी डुकरांच्या लक्षावधी मेंदूंतून अशा पहिल्या रासायनिक हुकमाची रचना स्वतंत्रपणे उलगडली. १९७७ साली दोघेही नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले.

परंतु एक स्राव या नियमास जुमानीना. १९५४ साली जॉन एव्हरेट यांनी उंदरांची ग्रंथी मूत्रपिंडाच्या आवरणाखाली नेऊन ठेवली. मेंदूशी संबंध तुटताच इतर स्राव मंदावले. दुग्धोत्पादक प्रोलॅक्टिन मात्र वाहतच राहिले. त्याला मेंदूकडून हवा असतो तो हुकूम नव्हे, लगाम! हा लगाम म्हणजे डोपामीन, हे पुढे सिद्ध झाले.

यातील मर्म रुग्णशय्येपाशी कळते. ग्रंथीत प्रोलॅक्टिन स्रवणारी गाठ झाली, की मूल नसतानाही स्त्रीला दूध येते, ऋतू थांबतो, गर्भ राहत नाही. अशा किती जणींनी वांझपणाचा बोल मुकाट्याने सोसला असेल! १९७० नंतरच्या दशकात डोपामीनचेच काम करणारे ब्रोमोक्रिप्टीन हे औषध हाती आले. गोळ्यांनीच बहुतेकींचा स्राव उतरू लागला, गाठ आकसू लागली. अनेकींना शस्त्रक्रियेवाचून मातृत्व लाभले.

ग्रंथीचे राजपद गेले, याचा खेद आम्हांस वाटत नाही. ते गेले म्हणूनच त्या घरांतून पाळणे हलले.