अस्सल अरबी घोडा म्हणजे नेमका कसा? एका ठेवणीचा इतिहास



मागच्या आठवड्यात गावातला एक तरुण पोरगा मोबाईल घेऊन थेट बांधावर आला. त्याला घोड्याचं शिंगरू घ्यायचं होतं. फोटो दाखवून म्हणाला, "तात्या, तोंड बघा, कसं बशीवानी खोलगट आहे. विकणारा म्हणतोय अस्सल अरबी आहे. विसार देऊन टाकू का?"

मी विचारलं, आई बघितलीस का? पाय बघितलेस का? चालवून बघितलं का? पोरगं गप्प.

मी त्याला हसलो नाही, कारण हीच चूक मी स्वतः केलेली आहे. बारा वर्षांपूर्वी एक खिलार खोंड घेतला. शिंगं सरळ, रंग पांढराशुभ्र, तोंड लांबट. बाजारात माणसं थांबून बघायची. मागचे पाय मी नीट बघितलेच नाहीत. दुसऱ्या हंगामात औताला लंगडायला लागला आणि शेवटी निम्म्या पैशात गेला. तोंडाला भुललो, दुसरं काय.

त्या पोराला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. अरबी घोड्याबद्दल बरंच वाचलेलं आहे, म्हणून आज सविस्तर लिहितो. लांबलंय, पण जनावर पाळणाऱ्याने सवडीनं वाचावं.

आधी हा घोडा कुठला ते बघू. अरबस्तानच्या वाळवंटात, नज्द आणि सीरियाच्या पट्ट्यात फिरणाऱ्या बेदुईन टोळ्यांनी तो सांभाळला. तिथं चारा कमी, पाणी त्याहून कमी. शिंगरांना उंटिणीचं दूध पाजायचे. घोडा हौसेसाठी नव्हता, दुसऱ्या टोळीवर धाड घालायला होता. धाडीला जायचं म्हणजे लांबचा पल्ला, अर्धपोटी चाल आणि शेवटी जीव घेऊन पळ. जे जनावर यात टिकलं नाही त्याची पैदास पुढं गेलीच नाही. निवड वाळवंटानंच केली, माणसानं फक्त हिशोब ठेवला.

आणि हिशोब ठेवला तो आईच्या बाजूनं. धाडीला घोडीच न्यायचे, त्यामुळं घोडीला मोल जास्त. चांगली घोडी कुणी सहजी विकत नसे. शिंगराची कुळी ठरायची ती आईवरून. कुहैलान, सकलावी, उबय्यान, हमदानी आणि हदबान या पाच मोठ्या कुळ्या आजही सांगितल्या जातात. त्यांच्या पोटात अजून कितीतरी शाखा. बाप दुसऱ्या कुळीचा असला तरी चालायचं, तो अस्सल असला म्हणजे झालं. आपल्याकडं गाय घेताना "कुणाच्या गोठ्यातली, आई किती दूध द्यायची" असं विचारतात, तसंच.

यातून एक गोष्ट समजून घ्यायची. कुळीचं नाव म्हणजे आडनाव आहे, ते जनावराचं रूप सांगत नाही. एका आडनावाची सगळी माणसं एका तोंडवळ्याची असतात का?

पण पुढं नेमका हाच घोळ झाला. विसाव्या शतकात कार्ल रासवान नावाचा एक जर्मन माणूस बेदुईनांत राहून आला. त्यानं मांडलं की कुहैलान म्हणजे भरदार, ताकदीचा. सकलावी म्हणजे नाजूक, देखणा. आणि मुनिकी म्हणजे लांब, टोकदार, पळणारा. ऐकायला सोपं, त्यामुळं अमेरिकेतल्या बऱ्याच पैदासकारांना ते पटलं. काहींनी कुळीच्या नावावरून जोड्या लावल्या. नंतर मायटोकॉन्ड्रियाच्या तपासण्या आल्या. हे गुणद्रव्य फक्त आईकडून येतं, त्यामुळं आईची ओळ तपासायला बरं पडतं. त्यात एकाच कुळीचं नाव लावणाऱ्या घोड्यांत वेगवेगळ्या आईओळी निघाल्या. म्हणजे नाव एक, पण मूळ आजी एक नाही. मग त्या नावावरून रूप तरी कसं ठरवणार?

आता ठेवणीकडं येऊ. अरबी घोडा म्हटलं की काही खुणा सगळीकडं सांगतात. कपाळ रुंद, डोळे मोठे आणि जरा खाली बसलेले, नाकपुड्या मोठ्या, नाकाडावर थोडा खोलगटपणा, डोकं आणि मान जुळते तिथं छान कमान, पाठ आखूड, शेपूट पळताना वर उचललेलं, केसांखाली कातडी काळी. उंची खांद्यापाशी साधारण ५७ ते ६१ इंच. याहून थोडे उंच किंवा ठेंगणे घोडेही असतात आणि तेही अरबीच.

अजून एक जुनी खूण सांगतात, की अरबी घोड्याला १७ बरगड्या, कमरेचे ५ मणके आणि शेपटीचे १६, तर इतर घोड्यांना १८, ६ आणि १८. हे काही अरबी घोड्यांत खरं आहे, सगळ्यांत नाही. ज्यांना १८ बरगड्या आहेत ते काही कमअस्सल ठरत नाहीत. ठेवण म्हणजे पंधरावीस खुणांची मोळी. एखादी काडी जाडबारीक झाली म्हणून मोळी बदलत नाही. पण एकच काडी हातात धरून "हीच मोळी" म्हणायला लागलो की फसलो.

बेदुईनांच्या हातातून हा घोडा बाहेर गेला तेव्हा प्रत्येक देशानं त्याला आपापल्या कामाला लावलं आणि तिथून रूपं फुटत गेली.

इजिप्तमध्ये अब्बास पाशा हा राज्यकर्ता (१८४८ ते १८५४) घोड्यांचा वेडा होता. त्यानं माणसं पाठवून टोळ्याटोळ्यांतून घोडे आणवलेच, शिवाय प्रत्येक कुळीची माहिती बेदुईनांच्या तोंडून लिहून घेतली. ती नोंद आजही अभ्यासक वापरतात. त्याचे बरेच घोडे पुढं अली पाशा शरीफकडं गेले. मग घोड्यांच्या रोगाची साथ आली, कर्ज झालं आणि पागा विकली गेली. उरलेल्यांतून विसाव्या शतकात तिथल्या शेतकी संस्थेनं पैदास पुन्हा उभी केली. नझीर हा १९३४ साली जन्मलेला घोडा त्यातला सगळ्यात गाजलेला. त्याचा एक मुलगा हदबान एन्झाही १९५५ साली जर्मनीतल्या मारबाख पैदास केंद्रात गेला, दुसरा मोराफिक १९६५ साली अमेरिकेला. नाजूक तोंड आणि मोठे डोळे यासाठी इजिप्तच्या ओळी ओळखल्या जातात.

इंग्लंडमध्ये लेडी अ‍ॅन ब्लंट आणि तिचा नवरा विल्फ्रिड यांनी १८७८ साली क्रॅबेट इथं पागा काढली. ते दोघं स्वतः वाळवंटात फिरले, १८७८-७९ च्या हिवाळ्यात नज्दपर्यंत गेले. अली पाशाचेही घोडे त्यांनी घेतले. ही बाई अरबी शिकली होती आणि प्रत्येक जनावराची नोंद ठेवायची. तिच्या मुलीनं १९२० साली स्कोव्रोनेक नावाचा एक पांढरा घोडा घेतला. त्याचा जन्म १९०९ साली, आज युक्रेनमध्ये असलेल्या अँटोनिनी इथल्या एका पोलिश सरदाराच्या पागेतला. काही कडक अस्सलवाले त्याचा वंश आजही मानत नाहीत. पण त्याचं रक्त जगभरच्या अरबी घोड्यांत पसरलेलं आहे. क्रॅबेटचे घोडे रपेटीला चांगले, जरा भरीव, म्हणून नावाजले.

पोलंडची गोष्ट मला जास्त भावली. तिथलं यानोव पोडलास्की हे सरकारी पैदास केंद्र १८१७ पासूनचं. महायुद्धांत तिथले घोडे लुटले गेले, मेले, पांगले. तरी त्यांनी पुन्हा उभं केलं. त्यांची रीत अशी की तरुण घोडे आधी शर्यतीला पळवायचे, पाय आणि दम बघायचा, मग पैदाशीचा विचार. देखणेपण त्यांनाही हवंच होतं, पण कामाच्या परीक्षेनंतर. तिथला बास्क नावाचा घोडा १९६३ साली अमेरिकेत गेला आणि त्यानं तिथली पैदासच बदलून टाकली. रशियानंही तेर्स्क इथं अशीच शर्यतीवर पारख केली, त्यामुळं त्यांचे घोडे जरा लांब आणि पळाऊ.

आता सांगा, यातला खरा अरबी कोणता? माझं उत्तर: सगळेच. ज्वारीचं एकच बियाणं काळ्या रानात आणि मुरमाड रानात वेगळं दिसतं. इथं तर वर माणसाची निवडही आहे. जागतिक अरबी घोडा संघटना निघाली तेव्हा तिनंही तोंडाच्या आकारावर भर दिला नाही. मान्य वंशनोंदवहीत घोड्याची नोंद आहे का, हे मुख्य धरलं.

बिघडलं ते प्रदर्शनाच्या रिंगणात. जिथं घोड्याला पळायचं नाही, ओझं न्यायचं नाही, फक्त उभं राहायचं, तिथं गुण कशाला मिळणार? तोंडाला. मग खोलगट तोंड अजून खोलगट करायची चढाओढ लागली. २०१७ साली अमेरिकेतल्या एका शिंगराचा व्हिडिओ जगभर फिरला. तोंड इतकं आत गेलेलं की बऱ्याच पशुवैद्यांनी काळजी बोलून दाखवली. कारण साधं आहे. घोडा तोंडानं श्वास घेऊ शकत नाही, फक्त नाकानं घेतो. बेदुईनांनी मोठ्या नाकपुड्या बघितल्या त्या दमासाठी. त्याच दमाची वाट आपण शोभेसाठी अरुंद करायची, हे उलटंच झालं.

दुसरा धोका रक्त जवळ आणण्याचा. एखादा घोडा प्रदर्शनात गाजला की सगळे त्याच्याच मागं. दोनचार पिढ्यांत आईकडून तोच आजोबा आणि बापाकडूनही तोच. अरबी घोड्यांत एक आनुवंशिक रोग आहे, त्यात शिंगराला रोगाशी लढायची ताकदच नसते आणि ते पाचसहा महिन्यांत दगावतं. दोष लपून राहतो, वाहक घोडा दिसायला ठणठणीत असतो. पण वाहक घोडा आणि वाहक घोडी जुळवली तर चारात एक शिंगरू जाण्याची शक्यता. १९९७ पासून याची जनुकीय तपासणी निघाली, त्यामुळं वाहक ओळखता येतो आणि अशी जोडी टाळता येते. फोटो बघून हे कळणार आहे का?

उलट बाजूही सांगतो. लांब पल्ल्याच्या शर्यती, एका दिवसात १६० किलोमीटरच्या, तिथं आजही अरबी रक्ताच्याच घोड्यांचा वरचष्मा आहे. तिथं कुणी तोंड बघत नाही. मधेमधे डॉक्टर थांबवून नाडी बघतात, लंगडतोय का बघतात. बेदुईनांची जुनी परीक्षाच नव्या रूपात चालू आहे म्हणा ना.

आता आपल्या भागाचं. अरबी घोडा आपल्याला नवा नाही. गोव्याच्या बंदरातून पोर्तुगीज घोड्यांचा व्यापार करायचे, विजयनगरला घोडे तिथूनच जायचे. एकोणिसाव्या शतकात बसरा आणि कुवेतहून गलबतं भरून घोडे मुंबईला उतरायचे. आणि भीमा-नीरेच्या खोऱ्यातला आपला भीमथडी घोडा? जुन्या नोंदी सांगतात की इथल्या तट्टांवर अरबी आणि तुर्की घोडे लावून तो घडला. आमचा दौंड भाग पूर्वी भीमथडी तालुक्यातच होता. "भीमथडीची तट्टं" हा शब्द आपण लहानपणापासून ऐकतो. अंगानं लहान, पण खुरानं आणि दमानं पक्की. आजही धनगर बांधव मेंढरांबरोबर बिऱ्हाड लादून नेतात ते याच तट्टांवर. करनालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं आता भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून नोंदवलंय. त्याचं तोंड बशीसारखं नाही, पण अरबी रक्तातलं जे खरं घेण्यासारखं होतं ते त्यानं घेतलं आणि मराठ्यांच्या फौजेत चालवून दाखवलं.

त्या पोराला मी शेवटी एवढंच सांगितलं. विसार आत्ता देऊ नकोस. आधी शिंगराची आई बघून ये, जमलं तर बापही. वंशाचे कागद माग. चारही खूर उचलून बघ, मागून आणि समोरून चालवून बघ, पळवून आणल्यावर श्वास किती वेळात खाली बसतो ते मोज. रक्ताची तपासणी करायला विकणारा तयार आहे का ते विचार. हे सगळं ठीक निघालं आणि वर तोंडही देखणं असलं, तर आनंदच आहे.

परवा तो आई बघायला जाऊन आला. घोडी मागच्या एका पायानं ओढत चालत होती. आता दुसरीकडं बघतोय.

तुमच्या भागात जुनी भीमथडी तट्टं उरलीत का? धनगरांच्या वाड्यावर दिसली तर त्यांच्या मालकाकडून आईची-आजीची माहिती विचारून घ्या आणि वहीत लिहून ठेवा. आज लिहिलं नाही तर उद्या सांगणारं कुणी नसेल.

चूकभूल द्यावी घ्यावी.