कुर्डुवाडी : अर्थकारण व लोकवस्ती

सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यातले नगरपरिषदेचे शहर व रेल्वे जंक्शन. पुणे–सोलापूर लोहमार्गावरील हे स्थानक पूर्वी ‘बार्शी रोड’ म्हणून ओळखले जाई. १८९७ मध्ये येथून बार्शीपर्यंत ७६२ मिमी. रुंदीचा अरुंद लोहमार्ग सुरू झाला (→ बार्शी लाइट रेल्वे). पुढे तो पंढरपूर, लातूर व मिरजेपर्यंत गेला. मोठ्या गाडीच्या वाघिणींतला माल येथे उतरवून छोट्या वाघिणींत भरावा लागे. पंढरीचे वारकरीही येथेच गाडी बदलत. हमाली, व्यापार व रेल्वेच्या नोकऱ्या यांभोवती वस्ती वाढली. या अरुंद मार्गाच्या रुंदीकरणानंतर मालाची ही चढउतार थांबली. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणामुळे (→ भीमा नदी) तालुक्यात ऊस व साखर कारखानदारी फोफावली. शहरातला रेल्वेचा कारखाना मात्र रुंदीकरणानंतरही चालू आहे.